साइडकारमधलं वजन

लोक विचारतात, कोणत्या रात्री घडलं?

रात्र नव्हतीच. रविवार होता, दुपारचे साडेबारा. चर्च सुटलेलं, घराघरातून मासे तळल्याचा वास येत होता, आणि ऊन असं की कोंबड्यासुद्धा उभ्या बेचाक रिक्षांच्या सावलीत येऊन बसल्या होत्या. अशा वेळी भूतबीत कुणाला सुचतं? मलाही सुचलं नव्हतं.

तरी घडलं. माझ्याच बाबतीत घडलं, कुणाच्या मावसभावाने सांगितलेलं नाही. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. तेवढं त्राण आता माझ्यात नाही. वाचा आणि सोडून द्या.

एकच गोष्ट आधी सांगतो. माझ्या मोठ्या मुलाचं नाव मी यात कुठेही लिहिणार नाही. विसरलो म्हणून नाही.

का, ते पुढे कळेल.

मी सियंतारचा. आमच्या गावातली रिक्षा म्हणजे बेचाक. महायुद्धाच्या काळातली जुनी इंग्रजी बीएसए मोटरसायकल, आणि तिला डाव्या अंगाला जोडलेली साइडकार. त्या साइडकारमध्ये माणसं बसतात. माझे वडील बेचाक चालवायचे. मी चालवत नाही, दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं झाली. नखांतली काळी रेघ आता साबणाने जात नाही.

आणि आम्हा बातक जमातीच्या लोकांत पहिलं मूल झालं की बापाचं स्वतःचं नाव संपतं. त्याला कुणी नावाने हाक मारत नाही. तो अमक्याचा बाप, ती अमक्याची आई. मूल मोठं होवो, परदेशी जावो, नाहीतर मातीत जावो... नाव तेच राहतं.

माझा मोठा मुलगा अकराव्या वर्षी तापाने गेला. पाच दिवसांत खेळ आटोपला.

लोक मला अजून त्याचाच बाप म्हणायचे. बाजारात, चर्चमध्ये, चहाच्या टपरीवर. दिवसातून वीस वेळा कुणीतरी त्याचं नाव घ्यायचं आणि मी 'ओ' द्यायचो.

तो नऊ वर्षांचा असताना आम्ही दोघांनी वडिलांची पडून असलेली गाडी काढली. त्याचाच हट्ट होता. "बापा, आजोबांची गाडी आपण चालू करू." शाळेत त्याचं एक पुस्तक जागेवर नसायचं, पण इंजिन उघडलं तेव्हा प्रत्येक नट त्याने बिस्किटांच्या डब्यांत घातला. कुठला भाग कुठून काढला, त्याचं चित्र झाकणावर काढलं. तेवीस डबे झाले होते.

गिऱ्हाइकाच्या गाडीची चाचणी घ्यायला निघालो की तो पळत यायचा. साइडकारची गाडी रिकामी पळवायची नसते. डावीकडे वेगात वळलं की रिकाम्या साइडकारचं चाक हवेत उचलतं आणि अख्खी गाडी उजवीकडे कलंडते. म्हणून आम्ही मेकॅनिक लोक चाचणीच्या वेळी साइडकारमध्ये वाळूचं पोतं ठेवतो.

मी पोतं ठेवत नसे. मुलाला बसवायचो.

"बापा, मीच तुमचं पोतं," असं म्हणून तो टुणकन उडी मारून बसायचा. बसला की पेट्रोलच्या टाकीवर हात लांबवून बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचा. टक, टक. म्हणजे मी बसलो, चला.

कधी त्याचा अभ्यास बाकी असला की मी म्हणायचो, "आज पोतं नको, पोरा." तो हिरमुसायचा, पण हूं की चूं न करता उतरायचा. सांगितलेलं ऐकणारा होता.

तो गेला तेव्हा ती गाडी तेवीस डब्यांत होती. सहा वर्षं तशीच राहिली.

मग गेल्या वर्षी माझी मुलगी रोतुआ एक डबा घेऊन आली. दहा वर्षांची. भाऊ गेला तेव्हा ती चार वर्षांची होती.

"बापा, हे चित्र कशाचं आहे?"

"व्हॉल्व्हचं."

"कुणी काढलंय?"

मी सांगितलं. तिने झाकण फ्रॉकला पुसलं.

"मग पुरं का नाही केलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही डबे उघडले.

रविवारी दुपारी आमची शेड भरायला लागली. रोतुआला बघून गल्लीतली आणखी चार-पाच पोरं आली. कुणी रॉकेलमध्ये नट धुवायचं, कुणी पॉलिश पेपरने टाकी घासायचं. व्हॉल्व्ह घासून बसवायचं काम सगळ्यांनाच हवं असायचं. दोन तळव्यांत काठी धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची, मग पेस्ट पुसून बघायचं, कडा सगळीकडून सारखी चकाकते का. रोतुआचा हात त्यात बसला. मी सांगायच्या आत ती म्हणायची, "इथे अजून लागलं नाही, बापा."

माझा मेहुणा जोंगी बेचाक चालवतो. आमच्यात मेहुणे एकमेकांना लाए म्हणतात. तो येता-जाता शेडमध्ये डोकावायचा.

"लाए, ही शेड आहे की बालवाडी?"

"तू पण बस खाली. तुला अजून प्लग काढता येत नाही."

"मला यायला लागला तर तुमचं पोट कसं भरणार?"

पोरं खिदळायची. मी थकलेला असायचो, आठवडाभर लोकांच्या गाड्या आणि रविवारी ही. पण सहा वर्षांत पहिल्यांदा रविवार यावासा वाटायचा.

त्या वर्षभरात विचित्र असं काहीच घडलं नाही. खोटं कशाला सांगू? गाडी मुकाट्याने जोडली गेली.

जुलैत ती चालू झाली. तिसऱ्या किकला. अख्खी गल्ली बाहेर आली. जोंगीने आपली टोपी काढून टाकीवर ठेवली आणि म्हणाला, "तुमच्या म्हाताऱ्याचा आवाज आहे हा. असाच खोकायचा."

त्याच रविवारी मी रोतुआला साइडकारमध्ये बसवलं आणि चाचणीला निघालो.

पोतं ठेवलं नाही. पोतं ठेवलं असतं तर ती बसणार कुठे? मनात म्हटलं, तिचं वजन पुरे. मुलगा बसायचा तेव्हा पुरायचं की.

पण तो गुटगुटीत होता. ही चिमणी.

गावाबाहेर रबराच्या मळ्याला लागून एक डावं वळण आहे. मळ्याच्या मागे उंचवटा आहे, आणि त्यावर आमच्या घराण्याच्या कबरी. त्या वळणावर साइडकारचं चाक उचललं. मी हँडल सैल सोडलं, गाडी सावरली, साइडकार धाडकन खाली आदळली...

आणि रोतुआ त्यात नव्हती.

ती गवतात पडली होती. कोपर खरचटलं होतं, एवढंच. रडलीसुद्धा नाही. मी उचलून पोटाशी धरली. म्हटलं, देवाने वाचवलं.

तिसऱ्या दिवशी कळलं की वाचवलं नव्हतं.

ती बोलेनाशी झाली. विचारलं तर उत्तर द्यायची, पण लांबून आल्यासारखं. तिसऱ्या हाकेला वळायची. भात समोर ठेवला की तसाच निवायचा. पाना हातात दिला तर धरून बसायची, कशाला दिलाय ते विसरायची. दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी डोळे, कान, डोकं, सगळं तपासलं. काही नाही म्हणाले. टॉनिकची बाटली दिली.

दोन आठवड्यांत तिच्या गालाची हाडं वर आली.

जोंगी तिच्यासमोर उकिडवा बसला. तो तिचा सख्खा मामा, आमच्यात मामाचा शब्द मोठा असतो. बराच वेळ तिच्या डोळ्यांत बघून तो मला बाहेर घेऊन गेला.

"लाए, पोरगी इथे आहे. जीव तिथेच राहिलाय, वळणावर. घाबरून सुटलाय तो. जाऊन बोलावून आणा."

"तू जा. तू मामा आहेस."

"बापानेच बोलवावं लागतं. आता तरी ऐका माझं."

मी मॅग्नेटो दुरुस्त करणारा माणूस. ठिणगी पडते की नाही, एवढंच मला कळतं. पण आत जाऊन बघतो तर बायकोने ताटलीत तांदूळ काढून ठेवले होते. तिउर तिचं नाव, पण तिलाही कुणी तिउर म्हणत नाही.

ताटलीत तांदूळ, एक उकडलेलं अंडं, रोतुआचा अंगातला फ्रॉक. तिने रीत सांगितली. वळणावर उभं राहून आधी आपण कोण ते सांगायचं. मग तीनदा हाक मारायची. साइडकार रिकामी न्यायची, कारण यायचं त्याला बसायला जागा हवी. परतताना मागे बघायचं नाही, बोलायचं नाही.

रविवार होता. दुपारचे साडेबारा.

वळणावर चिटपाखरू नव्हतं. रबराच्या वाळलेल्या शेंगा उन्हाने फुटत होत्या, मधूनच टक, पुन्हा शांत. मी ताटली गवतात ठेवली. लाज वाटत होती, खरं सांगतो. घसा साफ केला आणि अठरा वर्षं जशी सगळीकडे करून देतो तशी ओळख करून दिली.

"मी अमक्याचा बाप. न्यायला आलोय. घरी चल."

अमक्याच्या जागी मी नाव घेतलं. माझ्या पहिल्या मुलाचं.

दुसरं काय म्हणणार होतो? मला दुसरं नावच नाही.

शेंगा फुटायच्या थांबल्या. वारा होता, पानं हलत होती, पण आवाज नव्हता...

आणि मग, अगदी जवळून...

टक. टक.

मी म्हटलं, शेंग असेल. तेवढ्यात साइडकारच्या स्प्रिंगा करकरल्या. माझ्या डोळ्यांदेखत साइडकार हळूच खाली बसली. कुणी उडी मारून बसावं तशी नाही. दमून आलेलं माणूस टेकतं तशी.

मी रोतुआचं नाव तीनदा घेतलं. पण साइडकार त्याआधीच दबली होती.

परत निघालो. पुलाजवळ एक डावं वळण लागतं. मी मुद्दाम वेग कमी केला नाही. साइडकार रिकामी, चाक उचलायलाच हवं होतं.

उचललं नाही. रस्त्याला चिकटून राहिलं.

माझ्या जिवात जीव आला. पोरगी बसली होती! मी तोंड दाबून रडत गाडी चालवली, कारण आवाज करायचा नव्हता.

घरी तिउरने रोतुआच्या डोक्यावर तांदूळ ठेवले, आमच्यात जीव बळकट व्हावा म्हणून ठेवतात तसे. आम्ही वाट बघत बसलो. रोतुआ भिंतीकडे बघत होती. दाणे एकेक करून खाली ओघळले. तिने केसाला हातसुद्धा लावला नाही.

ती बरी झाली नाही. आणि साइडकार वर आली नाही.

शेडमध्ये गाडी नुसती उभी असायची, साइडकारमध्ये चिंधीसुद्धा नाही, तरी स्प्रिंगा दबलेल्या. मला वाटलं, जुनं लोखंड, थकलं असेल. नव्या घातल्या. सकाळी बघतो तर नव्याही तेवढ्याच दबलेल्या. फळी आणि चाकाच्या दांड्यामध्ये चार बोटं जागा असायला हवी. अडीच होती.

मेकॅनिकची खोड जात नाही. मी जोंगीच्या बेचाकात त्याच स्प्रिंगा घालून वाळूची पोती ठेवून बघितली. पंचवीस किलोला तीन बोटं राहिली. आणखी वाळू घातली. अडीच बोटं आली तेव्हा पोतं उतरवून काट्यावर ठेवलं.

अडतीस किलो.

मुलाला ताप आला तेव्हा दवाखान्यात त्याचं वजन केलं होतं. तो कागद तिउरने बायबलमध्ये जपून ठेवलाय. मी तो काढून बघितला नाही. तो आकडा मला पाठ आहे.

मी कुणाला काही बोललो नाही. पोरं रविवारी येत राहिली, पण साइडकारमध्ये कुणी चढेनासं झालं. का, ते त्यांनाही सांगता येत नसावं. आणि रोज दुपारी, मी जेवून जरा आडवा झालो की शेडमधून यायचं...

टक. टक.

चला. मी बसलोय.

तिउरला कळलं होतं. कसं, ते विचारू नका. एक दिवस मी शेडच्या दारात गेलो तर ती साइडकारच्या बाजूला पाट टाकून बसली होती. मांडीवर ताटली, ताटलीत तळलेली केळी. गुणगुणत होती. सात वर्षांत मी तिचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं.

मी तसाच मागे फिरलो. माझ्याही मनात तेच होतं. दुपार झाली की मी त्या दोन ठोक्यांची वाट बघायचो. बाप म्हणून हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. आत एक मूल वाळत चाललं होतं आणि मी बाहेर दुसऱ्याची चाहूल घेत होतो.

शेवटी रोतुआच बोलली. मी तिला पेज भरवत होतो. चार दिवसांत तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. ती भिंतीकडे बघत म्हणाली,

"बापा, तुम्ही आला होतात."

"कुठे, बाळा?"

"वळणावर. मी हात केला." ती थांबली. "पण गाडी भरली होती."

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

मी तसाच जोंगीकडे गेलो. तो स्टँडवर गिऱ्हाइकाची वाट बघत पेंगत होता. मी त्याच्या साइडकारमध्ये बसलो आणि सगळं सांगितलं.

"तिथे काय म्हणालात, लाए? शब्दाला शब्द सांगा."

मी सांगितलं. त्याने डोळे मिटून घेतले.

"तुम्ही दोघांना बोलावलंत," तो म्हणाला. "आणि गाडीत जागा एकाची."

"मला कसं कळणार? मला सगळे त्याच नावाने..."

"तुम्हाला दोष देत नाही. मी असतो तर मीपण तेच बोललो असतो. आपल्यातला कुणीही तेच बोलला असता." त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "तो आधी ऐकतो. नेहमीच आधी पळत यायचा. आता त्याला सोडून या. आणि उशीर नका करू, पोरगी बघवत नाही."

"सोडून या म्हणणं सोपं आहे."

"सोपं असतं तर मी गेलो असतो."

मला वाटलं होतं, तिउर भांडेल. भांडली नाही. रविवारी मी गाडी बाहेर काढली तेव्हा ती केळीच्या पानात काहीतरी बांधून घेऊन आली. तळलेली केळी होती, हाताला गरम लागत होती.

"रिकाम्या हाताने सोडू नका," म्हणाली आणि आत गेली. दार लावून घेतलं.

मी किक मारली. कानांनी वाट बघत होतो आणि आवाज येऊ नये असंही वाटत होतं.

टक. टक.

आम्ही निघालो. आम्ही म्हणतोय, कारण मी एकटा नव्हतो. रबराच्या मळ्याच्या वळणावर मी वेग सोडला नाही. चाक जागचं हललं नाही. असं पोतं मला पुन्हा मिळणार नाही, असा विचार मनात आला, आणि डोळ्यांपुढे रस्ता दिसेना. गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

किती वेळ बसलो, माहीत नाही. मळ्यातल्या दोन बायका बादल्या घेऊन गेल्या, पुढे जाऊन एकदा वळून बघितलं. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. मी साइडकारकडे बघितलं नाही. बघितलं असतं आणि काही दिसलं असतं तर मी त्याला परत घरी घेऊन गेलो असतो. रोतुआचं काहीही झालं असतं तरी घेऊन गेलो असतो. एवढं मी स्वतःला ओळखतो.

केळीच्या पानाची पुडी मी गवतात ठेवली.

मग जे वाक्य मी त्याला शंभरदा सांगितलं होतं, तेच सांगितलं.

"आज पोतं नको, पोरा."

काहीच झालं नाही.

वाऱ्याने पानाची कड हलली...

मग टाकीवर एकदा वाजलं. एकदाच.

टक.

आणि स्प्रिंगा हळूहळू वर आल्या. कुरकुर न करता. सांगितलेलं ऐकणारा होता तो.

मी ओणवा होऊन रडलो. मग उठलो, बरोबर आणलेली तांदळाची ताटली मांडली, तोंड पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःची अशी ओळख करून दिली.

"मी रोतुआचा बाप. न्यायला आलोय. घरी चल."

तीनदा तिचं नाव घेतलं. साइडकार जराशी दबली. इतकी कमी की मी मेकॅनिक नसतो तर कळलंही नसतं. पुलाजवळच्या वळणावर चाक थोडं उचललं आणि परत टेकलं. मी जीव मुठीत धरून, चालत्या माणसाच्या वेगाने घरी आलो.

दारातच रोतुआ उभी होती.

"बापा, माझा मोठा पाना कुणी घेतला? डब्यात नाही," ती म्हणाली. "आणि खायला काय आहे?"

त्या दिवशी तिने खारा मासा आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर दोन ताटं भात खाल्ला. तिउर वाढतच राहिली.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

मी गावभर सांगितलं, आजपासून मला रोतुआचा बाप म्हणा. लोकांनी चेष्टा केली. आमच्यात नाव असं बदलत नाहीत. टपरीवाला म्हणाला, "उद्या तिसरं झालं तर परत बदलणार का?" जोंगीने त्याला दटावलं. हळूहळू सवय झाली. आता कुणी चुकून जुनं नाव घेतलं की स्वतःच जीभ चावतात.

घोडं अडलं ते तिउरपाशी. मी तिला म्हटलं, तूही रोतुआची आई हो.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, पण नाव घेतलं की तो..."

"तुम्ही त्याला उतरवलंत. मी काही बोलले नाही. आता त्याचं नावही मीच टाकायचं?" तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मग त्याचं नाव घेणार कोण?"

बाजारातल्या बायका तिला अजून त्याचीच आई म्हणतात. आमच्या कुंपणापाशी उभ्या राहून, मोठ्याने.

म्हणून मी साइडकारमध्ये वाळूचं पोतं ठेवून दिलंय. कायमचं. जागा रिकामी नको. पोरं अजून रविवारी येतात, आता आम्ही दुसरी गाडी उघडली आहे. रोतुआ त्यांना व्हॉल्व्ह घासायला शिकवते आणि चुकलं की माझ्यापेक्षा जास्त ओरडते. आजोबांची गाडी कोपऱ्यात उभी असते, पोत्यासकट.

मागच्या महिन्यात एका सकाळी पोतं खाली होतं.

पडलेलं नव्हतं. भिंतीला टेकवून नीट उभं केलेलं होतं. तोंडाची दोरी घट्ट बांधून. मी उचलून परत ठेवलं. रोतुआला विचारलं, पोरांना विचारलं. चाळीस किलोचं पोतं यातल्या कुणाला हलतं?

दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. मी पुन्हा वर ठेवलं.

आता हे रोजचं झालंय.

मला माहीत आहे काय करायला हवं ते. शेडमध्ये जायचं आणि तेच एक वाक्य पुन्हा म्हणायचं. तो ऐकेल. एका शब्दात ऐकेल, म्हणूनच माझ्या तोंडून निघत नाही. सकाळी उठतो, पोतं उचलतो, जागेवर ठेवतो. पाठ दुखते.

काल दुपारी मी हे लिहायला बसलो तेव्हा रोतुआ समोर जेवत होती.

तिने अर्धं ताट तसंच ठेवलं.

"भूक नाही का गं?" मी विचारलं.

तिसऱ्या हाकेला तिने मान वळवली.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी तिउरला हाक मारत होतं. त्याच नावाने.

मी शेडकडे बघितलं नाही. आज रविवार आहे. साडेबारा वाजायला आलेत, आणि केळी तळल्याचा वास येतोय.